बाप्तिस्ताचा डबा आणि हौसाबाईची सोलं

इन्सुलीहून आत वळणाऱ्या रस्त्याला काजूच्या बागा संपल्या की बाप्तिस्त आल्मेडाचं घर लागतं. दुसऱ्यांच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आरामखुर्च्या असतात, याच्या बलकांवात मिक्सरची भांडी, पंपाच्या मोटारी आणि पोट फाडलेले टीव्ही. एकोणीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली आणि हा घरी परतला, त्यालाही आता बावीस वर्षं झाली. बोटीवरून लोक सेंटच्या बाटल्या आणतात, घड्याळं आणतात. यानं आणली एक सवय. वायरीचा सांधा दिसला रे दिसला, की उजव्या हाताची पाठ त्याच्याजवळ न्यायची आणि तापलाय का ते बघायचं. पाठच, तळवा नव्हे. तळव्याला शॉक बसला तर मूठ आवळते आणि वायर सुटत नाही, पाठीला बसला तर हात मागे फेकला जातो. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि प्रत्येक वेळी आतून त्याची बायको तेरेझा ओरडते, "सांगून झाला काय? चाय थंड झाली हय!"

पण चहा थंड झाला तरी त्याचं सांगणं पुरं व्हायचंच, कारण शेवटचं वाक्य राहिलेलं असायचं. "माझ्या हातच्या वायरीतसून आजून धूर इलेलो नाय."

हे वाक्य खरं होतं, आणि त्याच वाक्यावर वाडीतल्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त चालायचं, वर्षाचा सण. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी फेस्त, आणि त्याच्या आधीचे आठ दिवस बाप्तिस्त रोषणाईच्या वायरी घेऊन शिडीवर. लाकडी छताचं जुनं कपेल, पण बावीस वर्षांत तिथं साधा फ्यूज उडालेला नाही. त्या आठ दिवसांत बाप्तिस्ताची मान जरा ताठ असायची आणि तो कुणाचा मिक्सर हातात घ्यायचा नाही.

यंदा मार्च महिन्यात शेजारचा धनेश त्याच्याकडे आला. धनेश गोव्याला एका कंपनीत कामाला, सकाळी सातला मोटारसायकलवरून जाणार, संध्याकाळी सातला परत.

"मेस्त्रीनू, माका बारा व्होल्टाचो डबो बघून देवा. ह्यो कुरियरान इलो, पण तासाभरात बंद पडता."

"कशाक होयो तुका?"

"मायनिंगाक."

"चिऱ्याची खाण घेतलंस काय रे? आवशीक म्हायती आसा?"

"तसली नाय ओ. बिटकॉइनाची. लहान लहान यंत्रां आसत, तीन. दिवसभर आकडेमोड करतत. जगात सगळीकडे अशी यंत्रां आसत. शर्यतच ती. जेचा गणित आधी सुटता तेका नाणा गावता."

"आणि तुझा सुटला?"

"आजून नाय."

"बरा," म्हणाला बाप्तिस्त, "म्हणजे लॉटरीच, पण गरम होणारी." आणि त्यानं कुरियरनं आलेला डबा हातात घेतला.

डबा म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज आत घ्यायची आणि यंत्राला पचेल अशी बारा व्होल्टची करून बाहेर द्यायची, एवढंच त्याचं काम. दुकानाच्या पाट्यांवर नाचरे दिवे लावतात, त्यांच्या मागे जाळीची पत्र्याची पेटी असते, तीच ही. बाप्तिस्तानं ती तळहातावर तोलली, बाजारात बांगडा तोलतात तशी, आणि नाक मुरडलं.

"उपाशी आसा हो."

"पाटयेर तीस अँपियर लिवलेला आसा."

"पाटयेर माझा नाव लिवलंस तरी तो माझो झिल होवचो नाय."

बलकांवाच्या कोपऱ्यात त्याची एक फळी होती, तिच्यावर जुन्या जीपगाड्यांचे सहा हेडलाइट ठोकलेले. एक दिवा पाच अँपियर खातो, सहा दिवे तीस. त्यानं डबा जोडला आणि एकेक दिवा पेटवत गेला. चारापर्यंत ठीक. पाचवा लावला तसे पाचही पिवळे पडले. सहावा लावला आणि डब्यानं टक् करून मान टाकली.

"बघलंस? आता आयक. तुझी तीन यंत्रां सत्तावीस खातत. म्हणून तीसचो घेवचो नाय. माणूस तीस किलोचा पोता उचलता, म्हणून दिवसभर ता खांद्यार घेवन उभो ऱ्हवता काय? पन्नासचो घी. अर्ध्या ताकदीर चलात, तापाचो नाय, आणि म्हातारो होईसर टिकात."

पुढच्या शुक्रवारी तो म्हापशाच्या बाजारात गेला आणि सात दुकानं फिरून पन्नासचे दोन डबे घेऊन आला, एक लावायला आणि एक राखीव. दुकानदाराला त्यानं डबे एकमेकांशेजारी ठेवून वजनकाट्यावर घालायला लावले. आत तांबं आणि ॲल्युमिनियम भरपूर असेल तर डबा जड लागतो आणि उष्णता बाहेर टाकतो. हलका डबा म्हणजे पत्रा आणि बढाई. तेरेझा सोबत होती, ती त्या दुकानातून बाहेर येऊन शेजारच्या दुकानात जाऊन बसली, लोक आपल्याला याच्याबरोबरची समजू नयेत म्हणून.

मग जागा. बाप्तिस्त धनेशच्या घरात शिरला आणि डॉक्टर रोगी तपासतो तसा भिंतींना हात लावत फिरला. माजघर गरम, वर कौलांखाली तर भट्टीच. शेवटी त्याला उत्तरेकडची खोली सापडली. ऊन म्हणून नाही, खिडकीतून वारा, भिंतीला लांबलचक लाकडी फळी. फळीवर बांबूच्या रिकाम्या रोवळ्या आणि ताटं रचून ठेवलेली, ती धनेशनं उचलून खाली ठेवली. बाप्तिस्तानं फळीखाली मेज मांडलं, डबा उभा ठेवला, भिंतीपासून चार बोटं सोडून, यंत्राचा गरम श्वास त्याच्या तोंडावर येणार नाही असा. वायरी जाड आणि आखूड. तासाभरानं हाताची पाठ नेऊन बघितली. डबा कोमट, मांजराच्या पोटासारखा.

धनेशची आई हौसाबाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. सत्तरीची बाई, काटक, आवाज असा की गुरं वळतील.

"ह्या काय रे बाप्तिस्ता? दिवसभर घुमताहा, आणि दिसना तर कायच नाय."

"गणित करताहा, वयनी."

"आमच्या धनेशान शाळेत केल्यान नाय, ता आता ह्या करता?"

पुढे दीड-दोन महिने यंत्रं गुणगुणत राहिली. नाणं काही मिळालं नाही, पण डबा कोमटच होता, आणि बाप्तिस्ताला त्याच्याशी मतलब. मग मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डब्यातून चर्र आवाज आला, पांढरा धूर निघाला आणि यंत्रं बंद पडली. धनेश मोटारसायकल काढत होता, तो धावत परत आला. त्यानं बटण बंद केलं आणि, हल्लीची पोरं करतात तसं, आधी मोबाइल काढून धुराचा फोटो घेतला. मनात काही नव्हतं त्याच्या. पण नाक्यावर चहा पिताना त्यानं तो दोघांना दाखवला, आणि दुपारपर्यंत वाडीत बातमी होती, की बाप्तिस्ताच्या हातच्या वायरीतून धूर इलो.

संध्याकाळी फादरांनी त्याला बोलावून घेतलं. फादर मूळचे वसईकडचे, नवीन, मऊ बोलणारे.

"बाप्तिस्त, तुमच्या कामाबद्दल मला शंका नाही. पण कपेलाचं छत लाकडाचं आहे आणि फेस्ताला तीनशे माणसं असतात. तो डबा का जळला?"

"म्हायत नाय, फादर."

"मग हे कळेपर्यंत मी तुम्हाला शिडीवर कसं चढू देऊ? या रविवारपर्यंत सांगा. नाहीतर सावंतवाडीचा डेकोरेटर तयार आहे, त्याला होय म्हणतो."

बाप्तिस्त घरी आला आणि जेवला नाही. तेरेझानं दोनदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं. पैशांचा प्रश्न नव्हता, फेस्ताचं काम तो फुकटच करायचा. प्रश्न असा होता, की डेकोरेटर शिडीवर चढला की गावात बाप्तिस्त म्हणजे मिक्सर दुरुस्त करणारा एक म्हातारा, बस्स.

त्यानं जळका डबा मेजावर घेतला. राखीव डबा धनेशकडे त्याच सकाळी जोडून दिला होता, कारण गिऱ्हाइकाचं काम थांबता कामा नये. आता हा उघडला. आधी वाटलं पाल शिरली असेल. पाल नव्हती. मग वाटलं वीज चढली असेल, गावात दोनशे साठपर्यंत चढते कधी कधी. पण वीज चढून जळलेला डबा आत काळा होतो. हा काळा नव्हता, हिरवा होता. तांब्याच्या सांध्यांवर हिरवी बुरशी धरावी तसा थर, स्क्रू खाल्लेले, आणि पंख्याच्या पात्यांवर काहीतरी तांबडं-काळं, चिकट.

बोटीवर खाऱ्या वाऱ्यानं तांबं हिरवं होतं हे त्यानं पाहिलं होतं. पण इन्सुलीला समुद्र कुठला? आणि समुद्र चिकट नसतो.

त्यानं पंखा काढला, उजेडात धरला, वास घेतला. मग इकडेतिकडे बघून पात्याला जीभ लावली.

"काय करतंस?" तेरेझा दारात उभी.

"चाखतंय."

"जेवण झाकलेला आसा ना तुझा! पंखो कित्या चाटतंस?"

"तू बघ गो." त्यानं पंखा तिच्यापुढे धरला. तेरेझानं नवऱ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, बोटाचं टोक लावलं, जिभेवर ठेवलं आणि लगेच म्हणाली, "आगळ."

आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं या रसात बुडवायची आणि उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं पाच-सात दिवस केलं की काळीभोर सोलं होतात. आंबट आणि खारट. तांब्याला यापेक्षा वाईट काही शोधूनही सापडलं नसतं. आणि बाप्तिस्ताच्या लक्षात आलं, की गेले दहा-बारा दिवस आकाशात मळभ आहे, ऊन नाही, आणि वाडीत सगळ्या बायका सोलं बुरसतात म्हणून कावलेल्या आहेत. एक हौसाबाई सोडून. तिला त्यानं परवाच नाक्याच्या दुकानात सुकी खडखडीत सोलं देताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, धनेश गोव्यात असताना, बाप्तिस्त तिच्या मागच्या दारानं आत गेला आणि थेट उत्तरेकडच्या खोलीत शिरला. खिडकी गच्च बंद. यंत्रं घुमत होती. खोली अशी तापलेली, की पाव भाजून निघावा. वरच्या फळीवर ओळीनं रोवळ्या, रोवळ्यांत ओली सोलं, आणि एक लाल थेंब रोवळीतून सुटून राखीव डब्याच्या जाळीच्या दिशेनं निघालेला. बाप्तिस्तानं तो तळहातावर झेलला आणि दुसऱ्या हातानं बटण बंद केलं.

"बंद कित्या केलंस?" मागून आवाज आला. हौसाबाई पातेलं घेऊन उभी होती, आणखी एक घाणा घेऊन आलेली. "आताच तर गरम झाली होती!"

"वयनी, तुझ्या सोलांनी माझो डबो मारलो."

"माझ्या सोलांनी? माझी सोलां कोणाक मारनत नाय. पित्तार देतत ती."

"थेंब गळताहा खाली. मिठाचा पाणी, वयनी, आणि वरसून आंबट. आणि खिडकी बंद. तोच गरम वारो परत परत डब्याच्या नाकात जाता."

"मग उघडी ठेवू? भायरची ओल येवन सोलांका बुरशी येवंदे?"

"यंत्राच्या खोलीत सोलां घातलंस कित्या पण?"

हौसाबाईनं पातेलं खाली ठेवलं. आता ती आली खऱ्या मुद्द्यावर.

"यंत्राची खोली? ही यंत्राची खोली कधी झाली रे? बेचाळीस वर्सां मी सोलां ह्याच फळयेर ठेवतंय. ही माझी सोलांची खोली. तुमी दोघे इलास, भिंतींका हात लायलास, माझ्यो रोवळ्यो जमनीर ठेवलास. माका कोणी इचारूक नाय. धनेशान इचारल्यान? नाय. तू इचारलंस?"

बाप्तिस्तानं रोवळ्या खाली ठेवल्या होत्या त्या कोपऱ्याकडे बघितलं. मार्च महिना होता. रोवळ्या रिकाम्या होत्या. त्यानं भिंतीला विचारलं होतं, वाऱ्याला विचारलं होतं, हौसाबाईला विचारलं नव्हतं.

"नाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग चूक झाली. पण आता फादर इचारतत डबो कित्या जळलो. रविवारी सांगूक होया. तुझा नाव घेवचा लागात."

"घेवन बघ माझा नाव!" हौसाबाईचा आवाज परसात गेला आणि कोंबड्या पांगल्या. "धनेशाक आजून म्हायत नाय. तो येवच्या आधी मी रोवळ्यो काढतंय. तेका वास इलो, तर मी म्हटलंय, सोलांच्या घरात सोलांचो वास येतलो नाय तर काय गुलाबाचो? सून पुण्याक माहेराक गेली हा, ती इल्यार माका उभी करतली." मग ती जरा खाली बसली, पदरानं वारा घेतला. "बाप्तिस्ता, पाच मण रातांबे फोडलेत रे. ऊन नाय. काय करू?"

बाप्तिस्तानं यंत्रांच्या मागे हाताची पाठ नेली. अजून गरम होती. सुकी, एकसारखी, दिवसरात्र चालणारी ऊब. त्यानं वर रोवळ्यांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि खुर्ची ओढली.

"वयनी, मी तुका सोलां सुकवून दिलंय तर फादराक तू सांगशीत?"

"आधी सुकव. मगे बघूया."

"मगे बघूया नाय. सांगशीत?"

"सांगान रे! पण सोलां खडखडीत होवक होई."

शुक्रवारी आणि शनिवारी बाप्तिस्त तिथंच होता. आधी त्यानं डबा खोलीतून हद्दपार केला. भिंतीला भोक पाडून तो पलीकडे पडवीत नेला, वाशाखाली, पाऊस आणि थेंब दोन्ही पोचणार नाहीत अशा जागी, स्वतःच्या नाकानं बाहेरचा गार वारा घेणारा. वायर लांब झाली म्हणून आणखी जाड घातली, नाहीतर वाटेतच बारा व्होल्टांतला पाऊण व्होल्ट वायर खाते. मग यंत्रं खिडकीला टेकवली, गार वारा बाहेरूनच ओढतील अशी, मध्ये मच्छरदाणीचा तुकडा. आणि त्यांच्या मागे, जिथून गरम वारा सुटतो, तिथं तेलाचे तीन रिकामे चौकोनी डबे तळ कापून एकात एक बसवले. ही नळी गेली जुन्या फळ्यांच्या कपाटात. कपाटात एकावर एक रोवळ्या, वर ओली हवा जायला फट. वारा एका दिशेनं आत, एका दिशेनं बाहेर, परत फिरायला वाटच नाही.

शनिवारी संध्याकाळी हौसाबाईनं कपाट उघडलं, एक सोल उचललं, दोन बोटांत मोडलं. कट् आवाज आला.

"काळा झाला," ती म्हणाली. "ऊनात पण इतक्या काळा होणा नाय." मग तिला आपण फार बोललो असं वाटलं बहुतेक. "जरा कमी आंबट लागताहा पण."

धनेश कामावरून आला, त्यानं भिंतीतलं भोक पाहिलं, नळी पाहिली, कपाट पाहिलं.

"आये, ह्या काय?"

"खाण," म्हणाली हौसाबाई. "तुझ्या खाणीतसून काय येना नाय, माझ्या खाणीतसून येता. हात धू आणि जेव."

रविवारी मिस्सा संपली. लोक कपेलाबाहेर छत्र्या उघडत होते, फादर पायरीवर उभे होते, आणि कुंपणाच्या फाटकातून हौसाबाई आत आली. हातात वर्तमानपत्राची पुडी. बाप्तिस्त मागे आंब्याखाली उभा होता. काल रात्री त्याला शंका आली होती, की म्हातारी येणार नाही. पण ती आली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे कुणी घरी गेलं असेल तर त्यानंही ऐकलं असेल.

"फादर, तो डबो बाप्तिस्तान नाय जाळूक. माझ्या सोलांनी जाळल्यानी. मी तेच्यार ओली सोलां वाळत घातलंय, वर्तीसून आगळ गळला."

फादर गोंधळले. "आजी, सोलांनी वीज कशी जळेल?"

हौसाबाईनं पुडी उघडली. आत जळक्या डब्याचा पंखा, बाप्तिस्ताकडून मागून आणलेला. "चाटून बघा."

"काय?"

"चाटा ओ. इष नाय ता."

तीस-चाळीस माणसं बघत होती. फादरांनी बाप्तिस्ताकडे बघितलं. बाप्तिस्तानं खांदे उडवले. शेवटी फादरांनी करंगळी लावली, जिभेला टेकवली आणि त्यांचा चेहरा असा आंबट झाला, की मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"आणि आयका," हौसाबाई म्हणाली, "तेची पण चूक आसा. माझी खोली माका न इचारता घेतल्यान. ता झाला आमचा आमच्यात. पण वायरीची चूक नाय." आणि पुडीतलं दुसरं पाकीट तिनं फादरांच्या हातात ठेवलं. ताजी सोलं. "ही चाटू नकात. कढी करा."

फादर हसले. त्यांनी बाप्तिस्ताला बोलावलं आणि शिडी कपेलाच्या मागे आहे एवढंच सांगितलं. डेकोरेटरला काय कळवायचं ते त्यांचं ते बघणार होते.

सोमवारी सकाळी बाप्तिस्त कपेलात शिरला. यंदा नाचऱ्या दिव्यांची माळ लावायची ठरली होती, म्हणजे तिथंही जाळीचा एक डबा आला. त्यानं सवयीनं भिंतींना हात लावायला सुरुवात केली. वेदीच्या डाव्या बाजूला एक कोनाडा होता, गार, उंचावर, वारा येणारा. डब्यासाठीच बांधल्यासारखा. त्यानं खिळा आणि हातोडी काढली, खिळा भिंतीवर ठेवला आणि थांबला. तेरेझा बाकं पुसत होती. कपेलाची झाडलोट लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडे.

"गो तेरेझा," तो शिडीवरून म्हणाला, "ह्या कोनाड्यात कोण काय ठेवता काय?"

तेरेझानं फडकं बाकावर टाकलं, कमरेवर हात ठेवले आणि वर बघितलं.

"बावीस वर्सां झाली तू हय खिळे मारतंस," ती म्हणाली, "आज पयल्यांदा इचारतंस. मेणबत्त्यो ठेवतंय मी तेच्यात. फेस्ताच्यो दोनशे."

बाप्तिस्तानं खिळा तोंडात धरला आणि शिडी पलीकडच्या भिंतीला नेली.